गोंदाजी गव्याची भाजलेली जीभ

एका जंगलात, बाळांनो, डोंगर चढायची साथ आली.

तिथले प्राणी पूर्वी डोंगर चढत नसत असं नाही. पण त्याला कारण लागायचं. ससा चढायचा, कारण मागे रानकुत्रा असायचा. रानकुत्रा चढायचा, कारण पुढे ससा असायचा. आता सगळे विनाकारण चढू लागले. विनाकारण करायच्या गोष्टीला मंडळ लागतं, म्हणून मंडळही निघालं. एखादा डोंगर गाठायचा, माथ्यावर बसून चहा प्यायचा आणि खाली यायचं, एवढंच मंडळाचं काम.

या मंडळात गोंदाजी नावाचा एक गवा होता. गवा केवढा असतो, ते तुम्हाला ठाऊक नसेल तर एकदा घराच्या दारात उभा करून बघा. दार दिसायचं नाही. पण हा गोंदाजी स्वभावानं अगदी गरीब. चारचौघांत काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. विनोद कळायचा, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

त्याला येत होता तो फक्त चहा. पितळी पातेलं, वाळकी लाकडं, गूळ आणि आलं असं सगळं पाठीवर लादून तो चढायचा. माथ्यावर तीन दगडांची चूल मांडायचा, फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायचा आणि गवती चहाची पात टाकून कढत चहा करायचा. (गव्याला हात नसतात, हे मलाही ठाऊक आहे. मध्ये बोलू नका.)

वास सुटला की जो तो विचारायचा, गोंदाजी, झाला का? दिवसभरात त्याला कोणी काही विचारायचं ते एवढंच. पण तेवढ्यावर तो पुढच्या डोंगरापर्यंत खुशीत असायचा.

मग निपुणराव आले.

निपुणराव म्हणजे कोल्हा. ते दूरच्या कुठल्याशा जंगलात राहून आले होते आणि येताना हलकेपणाचं शास्त्र घेऊन आले होते. पाठीवर ओझं घेऊन चढतो तो हमाल, ओझ्याशिवाय चढतो तो गिर्यारोहक, असं ते सांगायचे. त्यांनी वडाच्या फांदीला एक तराजू टांगला आणि जो तो आपलं सामान तोलू लागला. पाणमांजर डोहाबाईंनी आपल्या फणीचे एकाआड एक दात काढून टाकले. सशानं दात घासायची काडी अर्धी तोडली. ससा चिमणाजी मुळातच मूठभर. पण हलकं व्हायची त्यालाच सगळ्यांत जास्त घाई.

निपुणरावांनी एक शेगडीही आणली होती. माणसांनी फेकलेल्या पत्र्याच्या डब्याचं बूड कापून केलेली, वाळक्या पिंपळपानाएवढी हलकी. तिच्यात घोटभर स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. संध्याकाळी गुहेत त्यांनी ती पेटवून दाखवली. निळी ज्योत इतकी सुरेख दिसली की सगळे पुढे सरकून बघू लागले. पाणीही उकळलं. उगाच कोणाला नावं ठेवू नयेत.

पण मंडळ म्हटलं की दोन पक्ष आलेच. चिमणाजीनं जळणाच्या पांढऱ्या वड्या आणल्या. वडी पेटवली की जळते आणि फुंकली की विझते. स्पिरिट सांडतं, वडी सांडत नाही, असा त्याचा मुद्दा. वडीला कुजक्या मासळीचा वास यायचा आणि भांड्याच्या बुडाला काळा चिकटा बसायचा. वास आल्याबरोबर डोहाबाई चिमणाजीच्या पक्षात गेल्या. त्यांचं मत एवढ्यावरच ठरलं, पण मत कशावर ठरलं हे मंडळात कोणी विचारत नसतं.

दोन्ही पक्षांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. गोंदाजीचं पातेलं नको.

पातेलं तराजूत ठेवलं तेव्हा पारडं जमिनीला टेकलं ते तिथंच राहिलं. निपुणराव फार गोड बोलले. गोंदाजी, तुम्ही या की, तुम्ही आमचेच, फक्त हे धूड घरी ठेवा. मग मी वर येऊन करू काय, असं गोंदाजीनं विचारलं. काही करायचं नाही, हलकं व्हायचं, असं उत्तर मिळालं.

गोंदाजीला फार वाईट वाटलं. पण घरी राहिलं तर आपल्यावाचून कोणाचं अडणार नाही, हे त्याला कळत होतं. तो रिकाम्या पाठीनं निघाला. वाटेत त्याच्याशी कोणी बोललं नाही. पूर्वीही बोलत नसत, पण तेव्हा ते जाणवलं नव्हतं.

माथ्यावर लख्ख ऊन होतं आणि वारा असा की कान फडफडत होते. वारा अडवायला शेगडीभोवती पत्र्याचा एक आडोसा लावतात. वजन वाढतं म्हणून तो खालीच ठेवला होता.

आधी चिमणाजीनं वडी पेटवली. ज्योत उठली, वाकली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. वडीची ज्योत दिसायची, त्यामुळे ती विझलेलीही सगळ्यांना दिसायची. हा तिचा मोठाच दोष.

मग निपुणरावांनी स्पिरिट ओतलं, काडी लावली आणि लागली म्हणून सांगितलं.

कोणालाच काही दिसलं नाही. निपुणरावांनी समजावलं की स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नसते. हे अगदी खरं आहे, बाळांनो. ती पेटलेली असली तरी दिसत नाही. फक्त विझली तरीही ती तितकीच दिसत नाही.

सगळे कोंडाळं करून बसले आणि पंजे शेकू लागले. छान ऊब आहे, असं कोणीतरी म्हणालं. वाफ कशी येत नाही, असं डोहाबाईंनी हळूच विचारलं. वारा उडवून नेतो, असं निपुणराव म्हणाले. गोंदाजीनंही नाक पुढे केलं. नाकाला वाराच लागला. आपलं कातडं जाड आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

चहा वाटला गेला. निपुणरावांनी द्रोणावर फुंकर घातली. ते बघून चिमणाजीनं घातली, मग सगळ्यांनी. सगळे फुंकून फुंकून, ओठ सांभाळून पिऊ लागले. गोंदाजीला फुंकायचं सुचलं नाही. त्यानं गव्यासारखा एकच घोट घेतला. चहापत्ती दाताला चिकटली आणि गुळाचा खडा अख्खाच्या अख्खा घशाखाली गेला.

"अहो, हा तर गार आहे," गोंदाजी म्हणाला.

सगळ्यांची फुंकर थांबली. निपुणरावांनी शेगडीवर पंजा धरला आणि झटकन मागे घेतला. भाजलं म्हणून घेतला की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग ते गोंदाजीकडे वळले.

"गोंदाजी, तुम्ही न फुंकता प्यालात ना? जीभ भाजलीय तुमची. भाजलेल्या जिभेला सगळं गारच लागतं."

आता चिमणाजी विरुद्ध पक्षाचा. त्यानं खरं तर इथे टाळ्या पिटायच्या. पण तोही दोन घोट फुंकून प्याला होता. तो धावत आला आणि गोंदाजीचं तोंड उघडून आत बघू लागला. केवढी लाल झालीय, म्हणाला. डोहाबाईंनी कसलासा ओला पाला आणून जिभेवर ठेवला. कोणी पाठीवरून पंजा फिरवला. फार आग होतेय का, असं जो तो विचारू लागला.

सगळं मंडळ गोंदाजीभोवती जमलं होतं. इतक्या जणांनी इतकी विचारपूस त्याची कधी केली नव्हती, उत्तम चहा केला तेव्हाही नाही. त्याचे डोळे भरून आले. चुलीच्या धुरानं भरायचे तसे नव्हे, खरेखुरे.

"हो," तो पाल्याच्या आडून म्हणाला. "भाजली."

त्या दिवसापासून गोंदाजीचं मंडळात वजन वाढलं. खाली उतरताना सगळी वाट प्राणी त्याच्या जिभेची चौकशी करत होते. न दिसणाऱ्या ज्योतीपासून कसं जपावं, हे नवख्यांना सांगायचं काम त्याच्याकडे आलं. निपुणरावांना कोणी शंका विचारली तर ते म्हणायचे, आमच्या गोंदाजींना विचारा.

पुढच्या डोंगरावर एक साळिंदर नव्यानं आलं होतं. तिथंही ऊन होतं, वारा होता आणि आडोसा खालीच होता. साळिंदरानं द्रोण तोंडाला लावला, थांबलं, द्रोणात डोकावून पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

गोंदाजी सगळ्यांच्या आधी उठला. हातातल्या पाल्यासकट त्याच्याजवळ गेला आणि मायेनं म्हणाला, "भाजली ना जीभ? माझीही अशीच भाजली होती."

साळिंदरानं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग त्यानं जीभ बाहेर काढली.

तात्पर्य: दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. बाळांनो, तोंड पोळायची वाट बघत बसू नका. चारचौघांत बसलात की ताक आधीच फुंकायला लागा, म्हणजे पुढच्या वेळीही बोलावतील.