अठरावी टाचणी

शिंप्याने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या जोडल्या आणि थोरल्या मुलाने त्याच्याकडून दुकानाची किल्ली काढून घेतली. "आधी मेंदूचं स्कॅन. मग बघू, दुकान उघडायचं की विकायचं." चाळीस वर्षं बरोबर लावलेल्या बाह्या कुणी मोजल्या नव्हत्या. पोरगा साहेब झाला की त्याला बापाचं डोकं तपासायची खाज सुटते, दुसरं काय!

"अंगावर धातू नको, आजोबा. आतलं चुंबक खेचून घेतं," स्कॅनच्या दाराशी टेक्निशियन म्हणाला. मुलाने स्वतःचं घड्याळ, पट्टा, किल्ल्या लॉकरमध्ये टाकल्या. शिंप्याने कॉलर, बाही, खिशाची शिवण चाचपून टाचण्या काढल्या. सतरा.

"एक राहिली. सकाळी अठरा होत्या."

"सतराच असतील, बाबा. तुम्हाला हल्ली आठवत नाही."

"माणसं विसरतो रे. टाचणी नाही विसरत."

टेक्निशियनने घाबरून मशीनची खोलीच बंद केली. सफाईवाल्या बाई बाकाखाली शिरल्या. ताटकळलेले पेशंट चपला झटकू लागले. डोकं धरून बसलेल्या एका बाईंना दोनदा उठवलं. मुलगा प्रत्येकाची माफी मागत होता, "वय झालंय हो. नसलेल्या टाचण्या मोजतात." शिंप्याची मान खाली गेली. दोन डाव्या बाह्यांनीही तो एवढा ओशाळला नव्हता.

"तुम्ही सोबत आत येणार ना? हात वर करा." टेक्निशियनने मुलावरून डिटेक्टर फिरवला. घोट्याजवळ तो कोकलला.

टाचणी मुलाच्या पँटच्या दुमडीत होती. निघताना उसवलेली दुमड बापानेच खाली बसून टाचून दिली होती. साहेब विसरले होते.

सफाईवाल्या बाई गुडघे झटकत उठल्या. "सापडली का नसलेली?"



दोन तासांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "मेंदू जरा आकसलाय, मधल्या पोकळ्या रुंदावल्यात. चाळिशीनंतर हळूहळू सगळ्यांचंच होतं. नाव आठवायला वेळ लागेल, बाकी ठणठणीत."

"कापडही आकसतं," शिंपी म्हणाला. "म्हणून शिवणीला आम्ही दोन बोटं माया सोडतो."

बावन्न वर्षांच्या मुलाने स्वतःचंच डोकं चाचपलं. बाहेर जिन्यात त्याने दुकानाची किल्ली परत द्यायला खिसे चाचपले. पुढचे, मागचे, शर्टाचा. 

शिंप्याने आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत नव्हतं. मग हळूच म्हणाला, "लॉकर नंबर बावीस. आणि पँट सावर, पट्टाही तिथंच राहिलाय."