सलीमभाईचे दोन सदरे

सलीमभाईच्या दुकानात दोन सदरे टांगलेले आहेत. एक पांढरा, एक काळा. गिऱ्हाइकाचे नाहीत. त्यांच्यावर टाचण्यांनी चिठ्ठ्या लावल्या आहेत. पांढऱ्यावर 'टी', 'नॉइज', 'मिस्टेक'. काळ्यावर 'होमवर्क', 'शॉपिंग', 'जॉब'. पांढऱ्याचं नाव मेक, काळ्याचं डू.

"दोन्हीचा मतलब करणंच," तो म्हणते. "पण बापू, चहा मेक होते अन् अभ्यास डू होते. इंग्रजाइनं असं काहून केलं, अल्ला जाने."

अकोल्याच्या जुन्या शहरात तो जन्मभर कपडे शिवून राहिला. मी त्याचा शेजारी, चौथी शिकलेला. बायको गेली तवापासून घर खायाले उठते, म्हणून सकाळीच त्याच्या स्टुलावर जाऊन बसतो. मी चिठ्ठी काढून विचारायचं, त्यानं डोळे मिटून सदरा सांगायचा. चुकला की स्वतःच्याच कानाची पाळी पिळते. शिकाऊ होता तवा उस्ताद पिळत होता तशी.

मागं तर कहरच झाला. बार्शीटाकळीच्या एका नवरदेवाची शेरवानी यानं घाईत दिली. निकाह झाला, जेवणं उठली, अन् मग कोणाले तरी दिसलं. नवरदेवाच्या पाठीवर चिठ्ठी, 'मिस्टेक'. नवरीचा बाप दुकानात येऊन जे बोलला ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. सलीम सगळं ऐकून म्हणाला, "सापडली म्हणा! दोन दिवसांपासून ढुंढून राहिलो होतो."

या वयात हा कुटाणा कशाले? पोरगा लंडनले. नात झोया सहा वर्षांची, तिले इंग्रजीशिवाय काही येत नाही. मागच्या ईदले मोबाईलवर यानं तिले इंग्रजीत मेक-डू उलटंसुलटं करून काहीतरी विचारलं. पोरगी खदखदा हासली अन् फोन बापाच्या हातात देऊन पळाली.

"हासली त्याचं काही नाई, बापू. पण फोन देऊन टाकला ना. पाच मिनटं तरी बोलावं तिनं माह्यासंग."

यंदा ईदच्या सकाळी त्यानं मले बोलावून बाजूले बसवलं. फोन आला. नवा कुर्ता घालून हा ताठ. एकेक इंग्रजी वाक्य सावकाश बोलला. होमवर्क विचारला, आईले चहा करून देते काय तेही विचारलं, शेवटी तुले फ्रॉक शिवतो म्हणाला. सगळं बरोबर. झोया हासली नाही. "थँक यू दादू, बाय," म्हणाली अन् गेली. पोरगा म्हणाला, "अब्बा, बाद में करता."

मोबाईलचा पडदा काळा झाला.

"बापू, चुकलो का मी?"

"एकदाबी नाई."

"मंग काहून गेली?"

मी तोंडावर बोलणारा माणूस. बायको शेवटच्या घटका मोजत होती तवा डॉक्टरले मीच विचारलं होतं, वाचत नाई ना? सलीमले मात्र म्हटलं, "नेटवर्क गेलं असन."

त्यानं मान डोलावली. शिरखुर्मा निवला तरी मोबाईल खाली ठेवला नाही.