मंजिरी थोरवे हिचे सातवे प्रकरण

मंजिरी थोरवे हिच्या चरित्रातले सातवे प्रकरण रटाळ आहे असे वाचकांचे मत पडल्यामुळे, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिला चौदा ते सतरा ही वर्षे पुन्हा जगावी लागली.

थोरवे हे आमच्या हिंगणवाडीतले मोठे घराणे. त्या घरात प्रत्येकाचे चरित्र निघते. मंजिरीचे निघाले तेव्हा तिच्या आजोबांनी भाषणात सांगितले, "आमचं घराणं लोकांच्या मताबाहेर नाही." वाचनालयाने ते वाक्य ठराव म्हणून नोंदवून घेतले. चार महिन्यांत एकतीस अभिप्राय आले. सव्वीस जणांना सातवे प्रकरण रटाळ वाटले. निवृत्त मुख्याध्यापिका लोखंडेबाईंनी लिहिले, "चरित्रनायिका गोठ्यात बसते, शाळेत जाते, पुन्हा गोठ्यात बसते. संघर्ष कुठे आहे?"

मंजिरी तोवर जनावरांची डॉक्टर होऊन पेठेत दवाखाना चालवत होती. तिने दवाखान्याला कुलूप लावले, दोन वेण्या घातल्या आणि नववीत जाऊन बसली.

त्याला तीन वर्षे झाली. सुधारित आवृत्ती आली. सातवे प्रकरण पुन्हा मताला टाकण्यासाठी परवा रविवारी चार वाजता सभा बोलावली होती. मत विरुद्ध गेले तर पुन्हा नववी. मी नलावडे, वाचनालयाचा चिटणीस, त्यामुळे इतिवृत्त मीच लिहीत होतो.

मंजिरी अकरावीच्या गणवेशात आली आणि मागच्या बाकावर बसली.

"काय गं, या खेपेला तरी काही घडलं का?" लोखंडेबाईंनी विचारले.

"नववीत वर्गातून पळून गेले होते, बाई."

"अरे वा! कुठं?"

"गोठ्यात."

"घ्या! अगं, निदान नापास तरी व्हायचंस."

"गणिताचा पेपर कोरा दिला होता. थोरव्यांची मुलगी म्हणून पासष्ट मार्क पडले."

सभागृहात हशा झाला. मंजिरी हसली नाही.

अध्यक्ष बिडवे यांनी डोकी मोजली. पंचवीस हवी होती, एकोणीस भरली. "गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा. तेव्हा गणसंख्येची अट नाही," त्यांनी जाहीर केले. आमच्याकडे प्रत्येक सभा अशीच होते, म्हणून सगळे सवयीने समोरच्या हॉटेलात भजी खायला गेले. अध्यक्ष, मी आणि मंजिरी एवढेच उरलो. अध्यक्षाला आणि चिटणिसाला मत नसते.

मंजिरी पुढे आली. "बिडवेकाका, मला मत देता येईल का?"

"सभासद आहेस?"

"पाचवीपासून."

"पुस्तक वाचलंयस?"

"नाही. जगलेय. दोनदा."

"जगलेलं चालत नाही. नियमात 'वाचलेले' असं आहे."

मी पुस्तक तिच्या नावावर चढवले. ती खिडकीखाली बसून सातवे प्रकरण वाचू लागली. बावीस पाने आहेत. एकशे बाराव्या पानावर ती बराच वेळ थांबली. त्या पानावर काहीच होत नाही. चरित्रनायिका म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसते.

पाच वाजायला वीस मिनिटे कमी असताना बिडव्यांनी घंटा वाजवली. समोर भज्यांचा दुसरा घाणा नुकताच तेलात पडला होता, त्यामुळे कोणी उठले नाही. मी लिहिले, "उपस्थित मतदार एक," आणि मंजिरीपुढे मतपत्रिका ठेवली.

"खरं ते लिही हं," बिडवे म्हणाले. "वर प्रतिज्ञा छापलेली आहे."

मंजिरीने लिहिले, "प्रकरण रटाळ आहे."

मी वाकून वाचले. "पोरी, पुन्हा नववी होईल."

"ठाऊक आहे, काका. पण रटाळच आहे. खोटं कसं लिहू?" तिने पेन खाली ठेवले नव्हते. तिने पुढे लिहिले, "मला फार आवडले."

बिडव्यांनी चष्मा पुसला आणि नियमावली उघडली. "कलम अकरा. न आवडलेले प्रकरण पुन्हा जगावे. रटाळ हा शब्द यात कुठंच नाही, नलावडे."

"आपण आजवर रटाळ म्हणजे न आवडलेलं असंच धरत आलो, साहेब."

"धरत आलो. लिहिलं कुणी होतं?"

प्रकरण एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले. बिडवे सही करत होते तेवढ्यात लोखंडेबाई कागदात भजी घेऊन आत आल्या.

"हे काय? आमचं मत राहिलं की!"

"सभा संपली, बाई. आठव्या प्रकरणावर लिहा."

"आठवं चांगलं आहे," बाई नाराजीने म्हणाल्या. "त्यात तिला कावीळ होते."

इतिवृत्तावर मंजिरीची सही घ्यायची राहिली होती, म्हणून मी वही घेऊन पेठेत गेलो. तिने दवाखाना उघडला होता. गणवेश बदललेला नव्हता. पायरीवर एक म्हातारा शेळी धरून उभा होता.

"बाळ, डॉक्टर कुठं आहेत?" त्याने विचारले.

"मीच," मंजिरी म्हणाली. "कधीपासून खात नाही?"

"मंगळवारपासून."

तिने बाह्या सारल्या, शेळीचा जबडा धरला आणि मला म्हणाली, "काका, जरा शिंगं धरा. सही नंतर करते."

मी वही पायरीवर ठेवली आणि शिंगे धरली.