जावयाचं दही

"माणसाची जीभ ही जगातली सगळ्यात मूर्ख वस्तू आहे, आणि हे मी पुराव्यानिशी सिद्ध करणार!"

विश्वजीतनं हे जाहीर केलं तेव्हा तो स्वतःच्याच जिभेनं बोलत होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. विद्वानांच्या ध्यानात अशा गोष्टी येत नसतात.

हा विश्वजीत संभाजीनगरातल्या एका कॉलेजात अन्न आणि पोषण शिकवायचा. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, सुट्टी लागली की बेकार! लग्नपत्रिकेत 'प्रा.' छापलं होतं, पण त्या 'प्रा'त काही प्राण नव्हता. आता मात्र कायम व्हायची संधी चालून आली होती. एका डेअरी कंपनीनं बिनसायीचं, बिनचरबीचं दही काढलं होतं. ते दही आणि साईचं दही लोकांना सारखंच आवडतं असं शास्त्रशुद्ध चाचणीतून निघालं, तर कंपनी कॉलेजला प्रयोगशाळा बांधून देणार होती आणि विभागप्रमुख अमृता मॅडम त्या प्रयोगशाळेवर विश्वजीतला कायम करणार होत्या.

आता तुम्ही म्हणाल, निकाल आधी ठरला आणि चाचणी नंतर, हे कसलं संशोधन? अहो, हेच संशोधन! याच जातीच्या विद्वानांनी आधी सांगितलं, तूप खाऊ नका, मराल. लोकांनी घाबरून तूप सोडलं. मग तेच विद्वान नवा कोट घालून आले आणि म्हणाले, तूप का सोडलंत, मराल! लोक दोन्हीकडून मरणार होतेच. फक्त यांची व्याख्यानं जगत होती.

विश्वजीतचा सिद्धांत होता की लोक साय खात नाहीत, सायीची कल्पना खातात. डोळ्यांना दिसलं नाही तर जिभेला काही कळत नाही. आणि गंमत ऐका, हा दह्याचा संशोधक स्वतः दही खात नव्हता! लहानपणापासून दह्याच्या वासानं त्याला मळमळायचं. सासुरवाडीला दह्याची वाटी पुढं आली की "सर्दी आहे" म्हणायचा. मे महिन्यातसुद्धा!

पहिली चाचणी कॉलेजातच झाली. पण पोरं आली ती झणझणीत मटणाचा नान-खलिया हाणून. त्या तोंडांना दही आणि चुना यातला फरक कळला असता तरी नवल! शिवाय दोघं-तिघं चव घेताना मोबाईलवर क्रिकेट बघत होती. विकेट पडली की दह्याला शिव्या.

"शहरातल्या जिभा बिघडल्यात," विश्वजीत बायकोला म्हणाला. "मला नैसर्गिक जिभा पाहिजेत. तुझ्या माहेरी चाचणी घेऊ."

प्रेरणानं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अहो, कुठंही घ्या. पण माझ्या माहेरी नका घेऊ."

"का?"

"तुम्ही तिथले जावई आहात."

"मग बरंच आहे की! सहकार्य मिळेल."

"तेच तर म्हणतेय," प्रेरणा म्हणाली आणि पोळी लाटायला लागली. पोळीला निदान सांगितलेलं कळतं, असा तिचा चेहरा होता.

सासुरवाडी गंगापूरच्या पुढं. रविवारी विश्वजीत तीन प्रकारच्या दह्याचे तीन डबे घेऊन उतरला. एक साईचं, एक अर्ध्या साईचं, एक कंपनीचं बिनचरबीचं. डब्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. कुणालाच काही कळू नये म्हणून!

सासूबाई मनकर्णाबाईंनी दारातच डबे हातातून घेतले. "हे काय हो, जावईबापू?"

"मी केलेलं दही आहे. आज गावाला खाऊ घालायचंय."

झालं! घोटाळ्याचं विरजण इथंच लागलं. त्याला म्हणायचं होतं, मी केलेल्या प्रयोगाचं दही. पण एवढं लांब कोण बोलतो? मनकर्णाबाईंनी आकाशाकडं पाहिलं. शिकलेला जावई, आणि दही लावत बसतो! पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "लई चांगलं केलं बाप्पा," म्हणाल्या आणि डबे स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

इकडं विश्वजीत ओसरीची प्रयोगशाळा करायला लागला. दह्याचा रंग ओळखू येऊ नये म्हणून लाल बल्ब लावला. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून कापसाच्या गोण्यांचे पडदे बांधले. सासरे तात्यासाहेब खाटेवर बसून बघत होते. सबंध गावात त्यांच्या शब्दाला मान, पण जावयापुढं त्यांचाही आवाज मऊ व्हायचा.

"जावईबापू, कोंबडीची पिल्लं आणलीत का?"

"नाही हो, हा लाल उजेड चाचणीसाठी आहे."

"आसं व्हय!" तात्यासाहेब म्हणाले आणि पिल्लं कुठं दिसतात का, ते खाटेखाली वाकून बघून घेतलं.

माणसं जमली. त्यात कडुबा होते. निवृत्त एसटी ड्रायव्हर. आयुष्यात कुणाच्या लग्नातल्या वरणाला त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. आमदारानं घातलेल्या पंगतीत उभं राहून "जिलबी कच्ची हाय" असं ओरडलेला हा माणूस! विश्वजीतला त्यांना पाहून भरून आलं. अशी निर्भीड जीभ कुठल्या विद्यापीठात मिळते?

"कडुबाकाका, मनात येईल ते खरं सांगायचं. माझी भीड धरायची नाही."

"मी कुणाची भीड धरतो व्हय, पाव्हणं?"

विश्वजीतनं नियम सांगितले. प्रत्येकानं पडद्याआड भिंतीकडं तोंड करून बसायचं. ओसरीत कुजबुज झाली.

"भिंतीकडं तोंड? शाळेत मास्तर बसवायचा तसं?" कडुबा म्हणाले.

"चव घ्यायची आणि या पेल्यात थुंकायचं."

सगळी ओसरी तात्यासाहेबांकडं बघायला लागली. तात्यासाहेब खाकरले. "जावईबापू, तुमच्या हातचं दही, आन् ते आम्ही तुमच्याच म्होरं थुंकावं? आमच्याकडून काय चुकलं का?"

"नाही, नाही! बरं, गिळा. मग एक ते नऊपैकी गुण द्या. आवडलं नाही तर एक. फार आवडलं तर नऊ."

"दहा कामून नाय?"

"मापच नवाचं आहे."

"नवाचं कसलं माप? जावयाला एक कमी द्यायचा?" तात्यासाहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ह्या घरात तसं व्हायचं नाय!"

वाट्या फिरल्या. पण एकही माणूस खाईना. सगळे गोण्यांच्या फटींतून तात्यासाहेबांकडं बघत होते. थोरल्यानं घास घेतल्याशिवाय इथं कुणी वाटीला हात लावत नाही. तात्यासाहेबांनी पहिली वाटी संपवली, मिशी पुसली आणि पडद्याआडून गरजले, "दहा!"

"तात्यासाहेब, मोठ्यानं नाही बोलायचं! चिठ्ठीवर लिहायचं!"

"लिवतो की. पर आइकू तर जाऊ द्या."

मग काय, एकेका पडद्यामागून दहा, दहा, दहा! दुसऱ्या वाटीला दहा, तिसऱ्या वाटीला दहा. कडुबांनी तर तिसरी वाटी चाटली आणि "अजून हाय का?" विचारलं. विश्वजीतचं काळीज सुपाएवढं झालं. बिनचरबीच्या दह्याला कडुबांचे दहा! जीभ मूर्ख आहे! सिद्ध झालं!

"खरंच तिन्ही सारखी लागली, काका?"

"आवं, सारखी म्हंजे काय, एकच!" कडुबा म्हणाले.

"तुम्ही पण घ्या की थोडं, जावईबापू," मनकर्णाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या.

"संशोधकानं चव घ्यायची नसते," विश्वजीत म्हणाला. सर्दीपेक्षा हे कारण त्याला फारच भारदस्त वाटलं.

कॉलेजात त्यानं दहाचे नऊ केले आणि आलेख काढला. सरळ रेषा! तीन प्रकारची दही, ओसरीभर माणसं, आणि कुठं एक ठिपका वर-खाली नाही. रोज दूध घालणाऱ्या गवळ्याला दाखवली असती तरी तो म्हणाला असता, साहेब, काहीतरी गडबड आहे. पण अमृता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी स्वच्छ आकडेवारी मी माझ्या पीएचडीतसुद्धा बघितली नव्हती!" स्वतःच्या पीएचडीबद्दल बाई पहिल्यांदाच खरं बोलल्या असाव्यात.

कंपनीचे संचालक येणार ठरले. मॅडमना कल्पना सुचली. त्याच गावकऱ्यांना बोलवायचं आणि संचालकांसमोर पुन्हा चव घ्यायला लावायची! विश्वजीतनं छाती फुगवून होकार दिला.

"आई पण येणार आहे का?" प्रेरणानं विचारलं.

"येऊ दे की. जावई कायम होताना बघतील."

काळी-पिवळी जीप करून तिघं आली. तात्यासाहेब फेट्यात, मनकर्णाबाई नव्या लुगड्यात, कडुबा एसटीच्या जुन्या खाकी शर्टात. सभागृहात कंपनीचा भलामोठा फलक, त्यावर एक गोरी गाय हसत होती. मनकर्णाबाई आल्या तशा स्वयंपाकघर शोधायला निघाल्या. पण दही कुलूपबंद प्रयोगशाळेतून परस्पर स्टेजवर आलं. त्या परत येऊन बसल्या, तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत पाटी हरवलेल्या पोरासारखा झाला होता. विश्वजीतला वाटलं, आनंदानं बावरल्यात.

"हे आमच्या कंपनीचं दही," संचालकांनी हसून वाटी पुढं केली. "अगदी मोकळेपणानं सांगा, काका."

कडुबांनी फलकाकडं पाहिलं. वाटीकडं पाहिलं. "कंपनीचं? जावयाचं नाय?"

"नाही, आमचंच."

"मग बरं," म्हणत कडुबांनी चमचा तोंडात घातला आणि कोट वाचवायला संचालक मागं उडी मारायच्या आत चमचा परत बाहेर आला. दह्यासकट!

"हे दही हाय? दह्याचं भांडं इसळलेलं पाणी हाय हे! खडू कालवून दाट केलंय!"

अमृता मॅडम चटकन माइककडं धावल्या. "अपवादात्मक नोंद आहे. शास्त्रात अशी नोंद वगळतात. तात्यासाहेब, तुम्ही सांगा!"

तात्यासाहेबांनी घास घेतला आणि डोळे मिटले. जावयाची अब्रू आणि तोंडातला घास, दोन्ही एकदम सांभाळता येईनात. शेवटी घास गिळून ते कसेबसे म्हणाले, "गावाकडं असलं नव्हतं."

"असलंच होतं!" विश्वजीत ओरडला. "हेच! याच डब्यातलं! मामी, तुम्हीच वाट्या भरल्यात, सांगा ना!"

मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सावरला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. खोटं वाढायची होती.

"जावईबापू, तुम्ही म्हणलात, मी केलेलं दही हाय. मी बोट लावून बघितलं. एक बरं होतं, दुसरं पातळ, तिसरं असलं! गावात तुमची अब्रू जायची. म्हणून तिन्ही डबे वतले आन् घरचं दही भरलं. तुमचं म्हशीला घातलं."

संचालकांना काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "मग म्हशीनं... खाल्लं का?"

"दोन डब्यांतलं खाल्लं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिसऱ्याला तोंड फिरवलं."

प्रयोगशाळा गेली. कायम व्हायचं गेलं. अमृता मॅडमनी त्याच आठवड्यात 'नातेसंबंधांचा चवीवरील परिणाम' असा शोधनिबंध स्वतःच्या नावानं पाठवून दिला. विश्वजीतला शेवटी आभारात टाकलं, तेही चहावाल्याच्या खाली. आणि विश्वजीत पुन्हा तासाचा प्राध्यापक झाला.

सभागृहात उरलेल्या दह्याचे खोके कुणी हातात धरेना. "अन्न टाकायचं नाय," म्हणत तात्यासाहेबांनी ते जीपवर चढवले होते.

पुढच्या रविवारी विश्वजीत तोंड लपवत सासुरवाडीला गेला. पाट मांडला होता, समोर तात्यासाहेब, दारात कडुबा. मनकर्णाबाईंनी वाटी ठेवली. पांढरंफेक, थुलथुलीत, वर पाणी सुटलेलं.

"सर्दी..." विश्वजीतनं सुरुवात केली.

"आज संशोधन नाय ना?" मनकर्णाबाई मायेनं म्हणाल्या. "मग घ्या. खास तुमच्यासाठी ठिवलंय."

सगळी ओसरी त्याच्या तोंडाकडं बघत होती. प्रेरणा तर जरा जास्तच. त्यानं श्वास रोखून चमचा तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. घास खाली जाईना, वर येईना, आणि थुंकायचा पेला तर त्यानंच परत नेला होता!

"कसं झालंय, जावईबापू?"

त्यानं गिळलं.

"नऊ," तो म्हणाला.

तात्यासाहेबांची भुवई वर गेली.

"दहा!" विश्वजीत म्हणाला.

"बघा, मी म्हणलं नव्हतं? आवडंल त्यानला!" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाटी पुन्हा काठोकाठ भरली.