मॉडेलला हात लावू नये

जगाचं तापमान वाढतंय ही गोष्ट नर्सिंग कॉलेजला परिपत्रकामुळे कळली. तोपर्यंत तिथे नुसतंच उकडत होतं. आता अभ्यासक्रमात ‘बदलतं हवामान आणि संसर्गजन्य आजार’ असा नवा धडा आला होता आणि तो शिकवायचा कुणी, यावर स्टाफरूममध्ये चहाचे दोन फेरे झाले. सिनियर बाईंना एकाएकी आपला जुना दमा आठवला. दुसऱ्या बाईंकडे आधीच पोषण आणि क्षयरोग होता, त्यात आणखी एक रोग घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मग सगळ्यांच्या माना एकदम दाराजवळच्या खुर्चीकडे वळल्या. त्या खुर्चीवर हंगामी ट्यूटर बसली होती.

हंगामी ट्यूटर म्हणजे कॉलेजात सगळं करणारी आणि हजेरीपटावर सगळ्यात शेवटी असणारी बाई. दर वर्षी तिची मुदत संपत आली की तिचा जीव टांगणीला लागे आणि अगदी शेवटच्या क्षणी तिला मुदतवाढ मिळे. तिच्या घरात ‘ही कायम झाली की’ या वाक्यावर बरंच काही लटकलेलं होतं. मोठं घर, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, नवऱ्याचा चष्मासुद्धा. तिने मान हलवून धडा पदरात घेतला.

“छान!” प्राचार्या म्हणाल्या. त्या आयुष्य तपासणी ते तपासणी असं मोजत. “तपासणीला वरचे साहेब येतायत. त्यांना या विषयाचं भारी वेड आहे. एक झकास मॉडेल करा. तपासणी नीट पार पडली, की तुमचं कायम व्हायचं मी स्वतः बघते.”

झालं. ट्यूटरने मुलींना कामाला लावलं. कौशल्यकक्षात, म्हणजे ज्या खोलीत प्लास्टिकच्या रुग्णांना खऱ्या सुया टोचायला शिकवत त्या खोलीत, दोन बाकांवर एक जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर एक वस्ती उभी राहिली. पुठ्ठ्याची घरं, स्कूटरचा टायर, झाकण नसलेली टाकी, कुंड्यांखालच्या बश्या आणि मधोमध पत्र्याच्या पन्हळीचं एक तुंबलेलं गटार. मुलींनी हौसेने पाण्याच्या जागी निळा चकचकीत कागद चिकटवला होता. प्राचार्यांनी तो नखाने खरवडून काढला.

“ही काय बालवाडी आहे? पाणी खरं हवं. साचलेलं दिसलं पाहिजे. आणि तापमान वाढतंय ते कुठंय?”

मग छतापासून वायर सोडून वस्तीवर एक भला मोठा पिवळा बल्ब टांगला. तो सूर्य. बल्ब लावला आणि पुठ्ठ्याच्या वस्तीत खरोखरच उकडायला लागलं. प्राचार्या खूश झाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली, ‘मॉडेलला हात लावू नये’, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली.

आणि तपासणी पुढे गेली. साहेब हवामानबदलावरच्या परिषदेसाठी विमानाने परदेशी गेले होते. परिषद संपल्यावर तिथल्या हवेचाही अभ्यास करावा म्हणून ते आणखी थोडे राहिले.

“तोवर पाणी ओतून देऊ का, मॅडम?” ट्यूटरने विचारलं.

“वेड लागलंय का? साहेब कुठल्याही दिवशी टपकतील. पाणी आटत असेल तर रोज भर घाला. मुलींना ड्युट्या लावून द्या.”

नर्सिंग कॉलेजला एकदा ड्युटी लावली की लागली. मुली रोज सकाळी टोपी घालून, हात धुवून, प्राचार्यांकडून किल्ली मागून घेऊन मॉडेलला पाणी पाजू लागल्या. किती पाजलं याचा तक्ता दारामागे लटकला. सूर्य मात्र दिवसरात्र जळत होता, कारण त्याचं बटण एकदा बंद केलं की पुन्हा लागेलच याची वायरमन हमी देत नव्हता.

एका सकाळी ट्यूटर टायरात वाकून बघते तो काय, पाण्यात बारीक बारीक वळवळ चालली होती. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टाकीत वळवळ, बश्यांत वळवळ, गटाराचं तर विचारूच नका. ती धावतच प्राचार्यांच्या खोलीत गेली.

“मॅडम, मॉडेलमध्ये अळ्या झाल्यात!”

“खऱ्या?” प्राचार्यांचे डोळे चमकले. “अहो बाई, मग घाबरता काय? लोक पुस्तकातली चित्रं दाखवतात, आपल्याकडे जिवंत नमुना आहे!”

“पण त्यांचे डास होतील ना.”

“त्याच्या आत तपासणी होईल.”

“उष्णतेत ते लवकर होतात, मॅडम. धड्यात तेच आहे. आणि वर आपला सूर्य चालू आहे.”

“धडा मुलींसाठी असतो,” प्राचार्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “आणि कायम व्हायचंय ना तुम्हाला?”

संध्याकाळी तिने घरी ही हकिकत सांगितली. नवऱ्याने जुन्याच चष्म्यातून डोळे बारीक करून ऐकलं. “त्यात काय? बादली घे, ओतून टाक.”

“आणि कायम कोण करणार? तुम्ही?”

नवऱ्याने गुपचूप वर्तमानपत्र वर धरलं. सासूबाईंनी गुडघा चोळला आणि “असू दे गं, दोन डासांनी काय होतंय,” असा निकाल दिला.

डास दोन नव्हते. पुस्तकाने दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी ते टायरातून उठले आणि खिडकीतून, दारातून, शेजारच्या वसतिगृहात कामाला लागले. तोपर्यंत ते नुसतेच चावत होते. मग एक मुलगी सुट्टीवरून डेंगीचा ताप घेऊन परतली आणि त्यांना काहीतरी पसरवायला मिळालं. आठवडे गेले तशी वसतिगृहात एकेक मुलगी आडवी होऊ लागली.

ट्यूटर वर्गात शिकवत होती, “तापमान वाढलं की डासाची वाढ झपाट्याने होते. त्याच्या शरीरात विषाणूही लवकर तयार होतो.” समोर निम्मा वर्ग रिकामा होता आणि उरलेला निम्मा कराकरा खाजवत होता. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिला सगळे शंकासुर म्हणत, कारण ती प्रत्येक तासाला उभी राही.

“बाई, एक शंका. साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायचं ना?”

“हो.”

“आणि आपण त्यात रोज भर घालतो.”

“प्रश्न शेवटी विचारायचे,” ट्यूटर म्हणाली आणि फळ्याकडे वळली. फळा कोराच होता, तरी ती तो पुसत राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लाज मुलींना दिसू नये एवढीच त्या घडीला तिची इच्छा होती.

अखेर साहेब परतले आणि तपासणी ठरली. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण हजेरीच नव्हती. पण तपासणीच्या बाबतीत त्यांचं डोकं भलतंच चालायचं.

“प्लास्टिकचे रुग्ण हलवा,” त्यांनी हुकूम सोडला. “आजारी मुलींना कौशल्यकक्षातल्या खाटांवर झोपवा. साहेबांना सांगू, आमच्याकडे खरे रुग्ण असतात. हजेरी भरली, सोयही दिसली.”

“पण मॉडेल त्याच खोलीत आहे!” ट्यूटर म्हणाली. “खाटांना मच्छरदाण्या तरी लावू.”

“मच्छरदाण्या मॉडेलवर घाला. ऐन वेळी डास उडून गेले तर साहेबांना दाखवायचं काय?”

त्याप्रमाणे डासांना मच्छरदाणी लागली आणि मुली उघड्यावर राहिल्या. डासांची मात्र अडचण झाली नाही, कारण सूर्याची वायर आत जाण्यासाठी वर चांगलं वीतभर भोक ठेवलेलं होतं.

साहेब आले. परदेशच्या हवेने ते चांगले तुकतुकीत झाले होते. प्राचार्यांच्या थंडगार खोलीत, अंगावर शाल घ्यावी इतक्या गारठ्यात त्यांनी तापत्या पृथ्वीबद्दल चिंता व्यक्त केली, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी दोन घोट पिऊन बाकीचं तसंच ठेवलं आणि मग लवाजमा कौशल्यकक्षात गेला.

मॉडेल बघताच साहेब थबकले. त्यांनी स्वतः मच्छरदाणी वर केली आणि गटारात नाक खुपसून पाहिलं. “अळ्या! कोष! आणि हे डास! वा!” मग त्यांनी खाटांकडे पाहिलं. “आणि हे रुग्ण?”

“सगळे खरे आहेत, साहेब,” प्राचार्या अभिमानाने म्हणाल्या.

साहेबांनी खाटेशी उभ्या असलेल्या शंकासुराकडे बोट दाखवलं. “सांग मुली, हा डास कधी चावतो?”

“दिवसा, साहेब. आत्ता तुमच्या मानेवर आहे.”

साहेबांनी मानेवर चापट मारली आणि मोठ्याने हसले. “हजरजबाबी आहे! बरं, या रुग्णांना संसर्ग कुठून झाला, याचा शोध घेतलात का?”

मोठं घर, गुडघा आणि चष्मा सगळे एका रांगेत ट्यूटरच्या डोळ्यांसमोरून गेले. शंकासुराने एकदा तिच्याकडे पाहिलं. ट्यूटरने मान खाली घातली.

“घेतला, साहेब,” मुलगी म्हणाली. “त्या टायरातून.”

प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र टायराकडे, मग खाटांकडे, मग पुन्हा टायराकडे बघत राहिले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

“म्हणजे कारण, वाहक आणि रुग्ण, तिन्ही एका खोलीत! असं अध्यापन मी परदेशातसुद्धा पाहिलं नाही!”

मान खाजवत, टाळ्या घेत साहेब निघून गेले. ट्यूटरचा जीव भांड्यात पडला. पोर्चमधून प्राचार्या परतल्या त्या पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड करूनच. ट्यूटर कौशल्यकक्षात एका तापलेल्या मुलीच्या कपाळावर ओली घडी ठेवत होती. ती उठून उभी राहिली.

“काय म्हणाले साहेब?”

“बेहद्द खूश! मॉडेल कायमस्वरूपी ठेवायचा हुकूम आहे. जागाच मंजूर करतायत त्याला. मागच्या बाजूची सगळी खोली!”

“आणि माझं?”

“तुमचं काय?” प्राचार्यांना आधी आठवेचना. “हां, ते. ते पुढच्या तपासणीला बघू. सध्या एकच जागा मंजूर होतेय हो. तोवर मुदतवाढ घ्या आणि मॉडेलची जबाबदारी तुमच्याकडेच राहू द्या. पाणी मात्र रोज भरा.”

ट्यूटर पुन्हा खाटेकडे वळली. तिने कपाळावरची घडी बदलली, मुलीचं पांघरूण नीट केलं आणि शंकासुराला हाक मारली. “बादली आण. मोठी.”

मग तिने बटण दाबलं. सूर्य मावळला. मच्छरदाण्या ओढून तिने त्या खाटांवर फेकल्या आणि टायर उचलून बादलीत उपडा केला. त्यामागोमाग टाकी गेली, बश्या गेल्या. शंकासुराने गटाराचं दुसरं टोक न सांगता धरलं. खाटांवरच्या मुली तापातच कोपरांवर उठून बघायला लागल्या.

“अहो बाई! अहो, करताय काय?” प्राचार्या किंचाळल्या. “ते कायम झालंय!”

“ते झालंय, मॅडम,” ट्यूटर म्हणाली. “मी नाही.”

आणि तिने गटार ओतलं.