सासूबाईंचं अक्षर

अक्षर टेबलावर तपासायचं नसतं, भिंतीवर लावून लांबून बघायचं असतं, हा वेलांटीचा हट्ट. फॉन्ट बनवणं हा त्याचा धंदा, आणि एकेका वेलांटीच्या वळणावरून दिवसदिवस भांडतो म्हणून ऑफिसातल्यांनी त्याचं हे नाव पाडलेलं. तर त्या सकाळी त्यानं एक पट्टी छापून फ्रिजवर चिकटवली, मागं सरकत डोळे बारीक करून पाहिली, स्वतःवरच खूश झाला आणि पट्टी तिथंच विसरून कामाला निघून गेला. पट्टीवर होतं, 'गोळी घेतल्याशिवाय चहा मिळणार नाही.' अक्षर होतं गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंचं.

बायको शाळेत होती तेव्हा तिच्या डब्यात रोज एक चिठ्ठी असायची. 'सगळं संपव. भांडू नकोस. - आई.' असल्या चिठ्ठ्या तिनं जिवापाड जपल्या होत्या. त्यांतून एकेक अक्षर उचलून वेलांटीनं फॉन्ट केला होता, तिच्या वाढदिवसाला द्यायला. शाईचा निळा रंगसुद्धा हुबेहूब.

संध्याकाळी बायकोनं त्याला दारातच गाठलं. "फ्रिजवर काय लावून गेलास तू?"

"अरे देवा! राहिलंच ते. रागावलीस?"

"बाबांनी गोळी घेतली!"

ही बातमी साधी नव्हती. सासूबाई गेल्यापासून सासरे यांच्याकडे राहत होते आणि रक्तदाबाची गोळी रोज गुपचूप गॅलरीतल्या कुंडीत पुरत होते. असंच चाललं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. लेकीनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं. म्हातारा ढिम्म.

"मी सांगून टाकतो त्यांना, की ते मी छापलंय."

"खबरदार! उद्या फिरायला जा म्हणून छाप."

मग काय, चिठ्ठ्यांचा सपाटाच सुरू झाला. फिरायला जा. मीठ वरून घेऊ नका. कानटोपी घाला. सासरे सगळं ऐकायचे, पण चिठ्ठी कुणाची हे विचारायचे नाहीत. फ्रिजसमोर उभे राहून अक्षरावरून बोट फिरवायचे, मग स्वतःचा पंजा उलटसुलट करून बघत बसायचे. फ्रिजपाशी आलं की बायकोही दबकत चालायची. "तूच छापतोस हे माहितीय रे," ती म्हणायची, "तरी अंगावर काटा येतो."

आणि एका सकाळी फ्रिजवर नवीनच चिठ्ठी. 'कोण लिहितंय? काय ते एकदा कळू दे.'

"हे काय भलतंच छापलंस?" बायको करवादली.

"मी नाही छापलं."

"थट्टा पुरे हं!"

वेलांटीनं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. फॉन्टमधला 'क' शंभरदा छापला तरी तोच 'क' उमटतो. इथं प्रत्येक 'क' वेगळा होता, एक सैल, एक दबलेला. वर बोट लावलं तर शाई पसरली.

"हा माझा फॉन्ट नाही," तो कसाबसा म्हणाला. "हे हातानं लिहिलंय. आत्ताच."

बायको मटकन स्टुलावर बसली. "आई..."

"उत्तर द्यायचं का?"

"कशात? त्याच फॉन्टमध्ये? तिच्याशी तिच्याच अक्षरात बोलणार तू?"

"जावईबापू," मागून आवाज आला.

दोघांची किंकाळीच निघाली. दारात सासरे उभे होते. हातात पेन, बोटं निळी.

"मला डोक्याच्या डॉक्टरकडे न्या," ते म्हणाले. "या चिठ्ठ्या मीच लिहितोय आणि मला आठवत नाही. आज मुद्दाम एक लिहून बघितली. तेच अक्षर. माझंच."

"तुमचं? बाबा, अहो आईचं अक्षर आहे ते!"

"तुझ्या आईनं पेन कधी धरलं गं? कामाच्या धांदलीत ती सांगायची, मी लिहायचो. डब्यातल्या चिठ्ठ्याही. खाली आई लिहा म्हणायची, आई लिहायचो. मी आपला कारकून."

बायकोचे डोळे भरून आले. "म्हणजे इतकी वर्षं मी उशाशी घेऊन झोपले, ते तुमचं अक्षर?"

वेलांटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, तुमचं डोकं शाबूत आहे. सगळ्या चिठ्ठ्या मी छापल्यात. चुकलं माझं."

सासऱ्यांचे खांदे सैल पडले. "मरायला मी भीत नाही हो. पण डोकं गेलं तर तिला विसरेन, या भीतीनं गारठलो होतो. वाटलं, झोपेत ती सांगतेय आणि हात लिहितोय. म्हणून ऐकत होतो निमूट." ते खुर्चीत ऐसपैस टेकले. "चला, सुटलो! आजपासून गोळीबिळी बंद."

झालं! सगळ्या मेहनतीवर पाणी. वेलांटी गयावया करू लागला. "बाबा, असं नका ना करू."

"आता कुणाचं ऐकायचं? तुमच्या छपाईयंत्राचं?"

"नाटकं पुरे झाली. तोंड उघडा."

आवाज ओट्याकडून आला होता, आणि तो बायकोचा नव्हता. सासूबाई गेल्यापासून तसा आवाज कुणी ऐकला नव्हता. सासरे पांढरेफटक पडले. ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली बायको वळली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी. आपण काय बोललो याचं तिलाच नवल वाटत असावं.

सासऱ्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. आणि का कोण जाणे, वेलांटीनंही.