मनगटाचा घसारा

कोरियातल्या बुसानच्या स्टेशनामागे मा दोंग-चोल यांची डुकराच्या रस्साभाताची खानावळ आहे आणि तिथे एकही नोकर नाही. हे मी म्हणत नाही, मालकांच्या करसल्लागारांनी लेखी दिलं आहे. चुलीपाशी, भांड्यांपाशी, टेबलांमधून ज्या बायका पहाटेपासून घाम गाळताना दिसतात, त्या स्वतंत्र उद्योगसंस्था आहेत.

पूर्वी त्या मावशी होत्या. आमच्याकडे खानावळीतल्या बाईला मावशीच म्हणतात, मग ती आपल्याहून लहान का असेना. ओक-बुन मावशी भांडी घासायच्या, गर्दी झाली की वाढायच्याही. त्यांचा कर मालकच कापायचे, वर्षाचा हिशेब तेच मिटवायचे, आजारपणाच्या विम्याचा अर्धा हप्ताही तेच भरायचे. हे भरणं त्यांच्या तब्येतीला मानवेना. मग सल्लागार आले आणि नवे करार आले.

"अभिनंदन," मालक म्हणाले. "आजपासून तुम्ही संचालिका."

"पगार वाढला का?" ओक-बुन मावशींनी विचारलं.

"पगार नोकरांना. तुम्हाला मोबदला. त्यातून शेकडा तीन पूर्णांक तीन मी कापून भरीन, पुढचं कराचं काय ते मे महिन्यात तुमचं तुम्ही बघायचं. विम्याचंही तसंच."

"आणि यायचं कधी?"

"सहाला. उशीर झाला तर मोबदला कापीन."

भिंतीवर सूचना लागली, की इथे कुणालाही मावशी म्हणू नये, संचालिका म्हणावे. 'संचालिकाबाई, जरा कांदा' म्हणताना सुरुवातीला आम्हा गिऱ्हाइकांची जीभ अडखळायची. पुढे सूचनेवर तेलाचा थर बसला आणि आम्ही पुन्हा मावशीवर आलो.

एप्रिलमध्ये ओक-बुन मावशी ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. मालक हळहळले, अगदी मनापासून. दवाखान्यात फळांच्या रसाचा खोका घेऊन भेटायला गेले.

"उपचाराच्या खर्चाचं कसं करायचं, मालक?"

"फरशी माझी, मान्य. पण मनगट हे तुमच्या उद्योगाचं यंत्र. दुसऱ्याच्या यंत्रात मी कशाला नाक खुपसू?"

मे उजाडला. मावशी प्लॅस्टर सांभाळत कर कार्यालयात गेल्या.

"यंत्रसामग्री काय आहे?" खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने अदबीनं विचारलं.

मावशींनी दोन्ही हात खिडकीवर ठेवले. "हीच. एक नादुरुस्त आहे. मालक म्हणतात यंत्र आहे, मग झिजेपोटी करात सूट, तो घसारा, मिळेल ना?"

पोरगा भला होता. आत जाऊन साहेबांना विचारून आला. "मिळेल म्हणतात. खरेदीची पावती लागेल."

"आईनं दिलेत हो. ती गेली आता."

तो पुन्हा आत गेला आणि चेहरा पाडून बाहेर आला. "काकू, मग हे बक्षीस धरावं लागेल. बक्षिसावरही कर असतो, आणि तुम्ही तर जन्मापासून कळवलेलंच नाही. दंड बराच होईल."

"घसारा राहू द्या," मावशी म्हणाल्या. त्यांनी घाईघाईनं हात खिशात घातले, पण प्लॅस्टर मावेना.

शेवटी त्यांनी कामगार खात्यात अर्ज केला. सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं. या बाईंना हुकूम कोण सोडतं? कुणी सोडत असेल तर त्या नोकर, म्हणजे उपचाराचा खर्च, घरी बसलेल्या दिवसांची भरपाई आणि काम सुटताना हातात येणारे पैसे, सगळं मिळणार. नसेल तर मनगट त्यांचं त्यांना लखलाभ.

निरीक्षक चौकशीला थेट खानावळीत आले. त्या सकाळी मालक टेबल पुसता पुसता आम्हा रोजच्या गिऱ्हाइकांना म्हणाले होते, "मावशी नोकर ठरल्या तर रश्शाचा भाव वाढवावा लागेल बुवा. मला तुमचंच वाईट वाटतं."

"यांना कुणी काम सांगताना ऐकलंय?" निरीक्षकांनी आमच्या टेबलाला विचारलं.

मावशी कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघत होत्या. माझी बायको गेली तेव्हा याच बाईनं महिनाभर माझ्या वाडग्यात न मागता जास्तीचे तुकडे घातले होते. मला ते आठवलं. मग मी भावफलकाकडे पाहिलं.

"छे," मी म्हणालो. "त्या आपल्या मर्जीनंच करतात सगळं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

निरीक्षकांनी लिहून घेतलं आणि वही मिटली. जेवायची वेळ झालीच होती, तेव्हा त्यांनी तिथेच रस्साभात मागवला. पहिला घास घेतला आणि मान न वळवता म्हणाले, "मावशी, जरा किमची आणा."

ओक-बुन मावशी उठल्या आणि डाव्या हातानं त्या कोबीच्या तिखट लोणच्याची वाटी घेऊन आल्या. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मालकांना तर नाहीच.

रश्शाचा भाव अजून तोच आहे. तुम्हीही या एकदा. मावशींना हाक कशी मारायची ते तुम्हाला शिकवायला नको, तुमच्याकडेही भांड्यांना मावशीच येतात.